गाडी थांबवणारा माणूस

सिंधुदुर्गात ‘कंपनी’ म्हटलं की जुन्या माणसाला आधी दशावतारी कंपनी आठवते. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की या कंपन्या पेटारे घेऊन एका गावातून दुसऱ्या गावात उतरत जातात. रात्री उशिरा खेळ उभा राहतो आणि पहाटे दहीकाला होऊन संपतो. आमच्याकडे त्या सगळ्या रात्रीलाच ‘धयकालो’ म्हणतात. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, जाणता माणूस कथेचा सांगाडा सांगतो, भूमिका वाटल्या जातात आणि बाकीचं सगळं प्रेक्षकांसमोर घडतं. राजा पुढचं वाक्य काय बोलेल हे राणीला ठाऊक नसतं. तिला ठाऊक असतं ते एवढंच, की समोरचा आपल्याला तोंडघशी पाडणार नाही. शब्द अडला तर तो सावरून घेईल, आणि त्यालाही जमलं नाही तर मृदंगवाला थाप देऊन तेवढी जागा भरून काढेल.

कंपनीतली मूल्यं आणि उत्तम कामाची संस्कृती या विषयावरच्या पुस्तिकेची प्रस्तावना मी धयकाल्यापासून सुरू करते आहे, कारण ही पुस्तिका ज्यांच्यासाठी आहे ती माणसं याच मुलखातली आहेत. कुडाळच्या एमआयडीसीत वीस-पंचवीस कामगारांचं युनिट चालवणारे, वेंगुर्ल्याकडे काजूचा कारखाना सांभाळणाऱ्या बायका, देवबाग-तारकर्लीला न्याहारी-निवास आणि बोटी चालवणारी तरुण मुलं. यांच्या कानावर आता ‘कोअर व्हॅल्यूज’ आणि ‘हाय परफॉर्मन्स कल्चर’ हे शब्द येऊ लागले आहेत. बँकेच्या शिबिरात येतात, पुण्याहून परतलेल्या भाच्याच्या तोंडून येतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हे मोठ्या काचेच्या इमारतींतलं प्रकरण आहे, आपल्या शेडमध्ये त्याचं काय काम. मला उलट वाटतं. या किनाऱ्याला या विषयाची जाण जुनी आहे. फक्त तिला आपण कधी हे नाव दिलं नाही.

मी स्वतः काही वर्षं एका शहरातल्या कंपनीत नोकरी केली. तिथे दारातून आत शिरताच समोर चौकटीत पाच मूल्यं लावलेली होती. सचोटी त्यात पहिली. आमच्या हिशेब विभागातल्या एका नव्या मुलीने एका मोठ्या ग्राहकाच्या बिलात दोनदा आकारणी झाल्याचं दाखवून दिलं. चूक खरी होती. महिनाभरात त्या मुलीची बदली झाली, आणि ज्या साहेबांच्या हाताखाली ते बिल गेलं होतं त्यांना वर्षअखेरीस बढती मिळाली. कोणी काही बोललं नाही. पण त्या दिवसापासून आम्हा चाळीस जणांना कंपनीची मूल्यं नेमकी कोणती ते पक्कं कळलं. चौकट तिथेच राहिली, तिची काचही रोज पुसली जायची. त्या मुलीच्या बाजूने मी उभी राहिले नाही याचं दुःख मला अजून आहे, आणि या पुस्तिकेत मी पडले त्याचं मूळही तिथेच आहे. अमेरिकेतल्या एन्रॉनचं उदाहरण जगभर दिलं जातं. आदर, सचोटी, संवाद, उत्कृष्टता ही त्या कंपनीने स्वतः छापलेली मूल्यं होती, आणि हिशेबातल्या लबाड्या उघड होऊन डिसेंबर 2001 मध्ये ती दिवाळखोरीत गेली. मात्र हे समजायला इतक्या लांब जाण्याची गरज नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी असं एक कार्यालय पाहिलेलं असतं.

मग मूल्य असतं कुठे? माझं उत्तर मला मालवणच्या वाळूत सापडलं.

रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. होडी किनाऱ्यावरून निघते, जाळं सोडत सोडत समुद्रात मोठं अर्धवर्तुळ घेते आणि थोड्या अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागते. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर वाळूवर असतात. मग माणसांच्या दोन रांगा पाय रुतवून ओढायला लागतात, आणि तास-दोन तास ओढतच राहतात. दोन्ही बाजू सारख्या गतीने आल्या पाहिजेत. एक रांग जोरात ओढू लागली तर जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. म्हणजे इथे सगळ्यात ताकदवान माणसाला आपली ताकद आवरावी लागते. दोर जवळ आले की रांगाही एकमेकींकडे सरकतात, आणि शेवटी सगळे त्या फुगलेल्या जाळ्याभोवती पाण्यात उभे असतात. कधी बांगडा, कधी तारली, कधी पेडवे, कधी नुसती जेलीफिश आणि कचरा.

रापणीचं जाळं साधारणपणे एका धन्याचं नसतं. अनेक घरांनी मिळून रापण संघ चालवायचा आणि आलेल्या मासळीत जाळ्याचा, होडीचा, अंगमेहनतीचा असा प्रत्येकाचा ‘वाटो’ काढायचा, अशी ही रीत. वाटणी उघड्यावर होते. कोणाला किती मिळालं हे सगळ्यांना दिसतं. आम्ही पोरं नुसती दोराला हात लावायला जायचो. आमचा जोर तो किती असणार! तरी परतताना ओंजळभर मासे हातावर पडायचे. आठ वर्षांच्या मुलाला त्या ओंजळीने जे समजतं, ते पुढे कोणत्याही प्रशिक्षण वर्गात समजत नाही: हात लावला की वाटा आहे.

रापण म्हणजे रामराज्य होतं असं मी म्हणणार नाही. कोणी कुठल्या किनाऱ्यावर कधी जाळं टाकायचं यावरून भांडणं व्हायची, ती मिटवता मिटवता जाणती माणसं दमून जायची. पण तिथल्या नियमांकडे पाहा. गती जुळवणं, वाटणी सगळ्यांच्या देखत करणं, हात लावणाऱ्याला रिकामं न पाठवणं ही तीन मूल्यं कुठेच लिहिलेली नाहीत, आणि तरी मोडता येत नाहीत, कारण ती कामाच्या बांधणीतच विणलेली आहेत. मूल्य म्हणजे वाटणीचा नियम. मूल्य म्हणजे कोणाला बढती आणि कोणाची बदली. या पुस्तिकेतली सगळी प्रकरणं या एका म्हणण्याभोवती फिरतात.

याच पाण्यात ‘कामगिरी’ या शब्दाचाही निवाडा झालेला आहे. पर्ससीनचं जाळं मासळीचा अख्खा थवा एका वेढ्यात घेतं. एका रात्रीचा हिशेब केला तर त्याच्यासमोर रापण काहीच नाही. पण पारंपरिक मच्छीमारांनी प्रश्न विचारला तो असा: हिशेब एका रात्रीचा करायचा की दहा हंगामांचा? या प्रश्नावर इथल्या किनाऱ्याने वर्षानुवर्षं संघर्ष पाहिला. फेब्रुवारी 2016 मध्ये राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर हंगामाचे आणि क्षेत्राचे निर्बंध घातले, आणि त्यानंतरही वाद शमलेला नाही. उत्तम कामगिरीची संस्कृती आणायची आहे असं म्हणणाऱ्या प्रत्येक मालकाला मी हाच प्रश्न विचारते. तुमची पट्टी महिन्याची आहे की दहा वर्षांची?

आता ज्या कंपनीमुळे मला हा विषय खऱ्या अर्थाने उलगडला, तिच्याकडे येते. कोकण रेल्वे.

कोकणातून रेल्वे जावी ही मागणी जुनी. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर मधु दंडवते यांनी राजापूर मतदारसंघातून ती संसदेत लावून धरली. दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना 19 जुलै 1990 रोजी कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं, आणि 15 सप्टेंबरला रोह्याला पायाभरणी झाली. भांडवलात केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळचा प्रत्येकी 6. बाकी बराचसा पैसा रोखे काढून उभा केला. रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेले ई. श्रीधरन कंपनीचे प्रमुख झाले.

त्यांच्यापुढचं काम काय होतं? रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत 741 किलोमीटर. सह्याद्रीतून उतरणारी प्रत्येक नदी आडवी. नव्वदहून अधिक बोगदे. त्यातला रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा. पानवल नदीवरचा पूल 64 मीटर उंच. चाळीस हजारांहून अधिक जमीनमालक, आणि त्यांत आमच्यासारखी अशी घरं, जिथे चार गुंठ्यांवर अकरा नावं. यातली बहुतेक जमीन वर्षभराच्या आत मिळाली. कोकणी माणसाला ओळखणाऱ्याला यातलं नवल वेगळं सांगायला नको.

कंपनीच्या कार्यालयांत एक उलटं घड्याळ लावलेलं असायचं. काम पुरं व्हायला किती दिवस उरले, ते आकडे रोज एकाने कमी होत जायचे. व्यवस्थापनाच्या वर्गात श्रीधरन यांचं नाव निघालं की हे घड्याळ हमखास निघतं, आणि ऐकणारे आपल्या कार्यालयात तसंच घड्याळ लावायला धावतात. मला त्यांना सांगावंसं वाटतं की घड्याळ तेवढं उचलू नका. त्या घड्याळामागे जागच्या जागी निर्णय घेण्याचा अधिकार असलेला इंजिनिअर होता, लहान आणि सुटसुटीत ठेवलेली संस्था होती, आणि वेळ व सचोटी या दोन बाबतींत स्वतःला सूट न देणारा प्रमुख होता. अधिकार न देता घड्याळ लावलं तर तो नुसता धाक होतो.

आणि घड्याळालाही मर्यादा होती. ठरवलेली मुदत टळली. आमच्या जिल्ह्याची हद्द ओलांडताच लागणाऱ्या पेडण्याच्या बोगद्यातली माती लोण्यासारखी मऊ. खोदावं तेवढी पुन्हा आत यायची. सगळा मार्ग जवळजवळ तयार असताना त्या दीड किलोमीटरने सगळ्यांना थांबवून ठेवलं. अखेर 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण मार्गावर गाड्या धावल्या. या कामात किती मजुरांचे जीव गेले याची आठवण रत्नागिरी स्थानकातलं श्रमशक्ती स्मारक करून देतं. तिथे मी दरवेळी थोडी थांबते. वेगाच्या कौतुकात ही माणसं कुठे बसतात, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

खरी परीक्षा पुढे झाली. 22 जून 2003 च्या रात्री कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीची विशेष गाडी आमच्याच जिल्ह्यात, वैभववाडीजवळ, डोंगर कापून केलेल्या कटिंगमधून रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली. पन्नासहून अधिक प्रवासी गेले. पुढच्याच जूनमध्ये, 16 तारखेला, महाडजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला तसाच अपघात झाला. विक्रमी काम म्हणून ज्या मार्गाचा गौरव झाला होता, त्याच मार्गाच्या डोंगरउतारांनी त्या कामाची मर्यादा दाखवून दिली.

यानंतर कंपनीने जे केलं ते मला घड्याळापेक्षा फार मोठं वाटतं. उतार छाटून सौम्य केले, कड्यांवर जाळ्या बांधल्या, पर्जन्यमापक बसवले. पावसात गाड्यांचा वेग उतरवला. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं तर ताशी 40 किलोमीटरवर यायचं. दर वर्षी जूनमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू होतं आणि मुंबईची गाडी उशिरा पोचू लागते, तेव्हा चाकरमानी कुरकुरतात. मी त्या वेळापत्रकाकडे वेगळ्या नजरेने पाहते. आम्ही हळू जाणार आहोत, असं एका कंपनीने जाहीरपणे छापलं. कामगिरीच्या कोष्टकात जो आकडा खाली आलेला दिसतो, तोच इथे मूल्याचा पुरावा आहे.

आणि मग येतो गस्तीवरचा माणूस. पावसाळ्याच्या चार महिन्यांत शेकडो माणसं रात्रंदिवस रुळांवरून चालत असतात. धोक्याच्या कटिंगजवळ पहारेकरी चोवीस तास असतात. गस्तवाल्याकडे काय असतं? बॅटरी, बावटे, रुळावर ठेवायचे फटाके आणि अंगावर इरलं म्हणावं असा रेनकोट. रुळांवर दरड दिसली की काय करायचं हे नियमाने बांधलेलं आहे. धोक्याच्या जागी लाल दिवा ठेवायचा. मग गाडी ज्या बाजूने येण्याची शक्यता आहे तिकडे लाल दिवा दाखवत धावत सुटायचं. 600 मीटरवर रुळावर एक फटाका, 1200 मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की आवाज होतो आणि चालकाला कळतं. मार्ग बहुतांशी एकेरी, म्हणून नंतर हेच सगळं दुसऱ्या बाजूने. काळोखात, कोसळत्या पावसात, खडीवरून, बाराशे मीटर.

या रचनेत मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट अशी. त्या रात्री साखळीतला सगळ्यात कमी पगाराचा माणूस हजार प्रवाशांची एक्सप्रेस थांबवू शकतो, आणि त्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागत नाही. साहेबाला उठवायचं नाही, फोन लागतो का पाहत बसायचं नाही. लाल दिवा दाखवला की गाडी थांबलीच पाहिजे. जपानच्या टोयोटा कारखान्यात कुठल्याही कामगाराला दोष दिसला तर दोरी ओढून मदत मागता येते आणि गरज पडल्यास अख्खी साखळी थांबते. व्यवस्थापनाच्या पुस्तकांनी ती दोरी जगप्रसिद्ध केली. आमच्या कटिंगमधला लाल दिवा त्याच जातीचा आहे.

दिवा हातात देणं मात्र पुरेसं नाही. गाडी थांबवली आणि दरड नव्हतीच, नुसती पडलेली फांदी होती, तर दुसऱ्या दिवशी काय होतं, यावर सगळं अवलंबून असतं. त्याला हसलं गेलं, झापलं गेलं, तर पुढच्या वेळी तो दोन मिनिटं विचार करेल. त्या दोन मिनिटांत गाडी दोन-अडीच किलोमीटर पुढे येते. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांकडून औषधांच्या चुका कमी होत असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले; चांगल्या गटांत चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. खोलात गेल्यावर कळलं, की तिथे चूक सांगायला भीती वाटत नव्हती, म्हणून ती नोंदली जात होती. बाकीच्या ठिकाणी ती पोटात राहत होती. आपल्याकडे याला सोपा शब्द आहे: भीड. ज्या कारखान्यात भीड मोडलेली नाही, तिथला स्वच्छ अहवाल मी खरा मानत नाही.

मूल्य किती बारकाईत उतरवावं लागतं, याचा विचार करताना मला शिवाजी महाराजांचं एक पत्र आठवतं, आणि सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर राहणाऱ्या माणसाला ते आठवणं साहजिक आहे. 1670 च्या दशकात चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्कराच्या जुमलेदार-हवालदारांना ते लिहिलं आहे. रयतेला काडीचा त्रास देऊ नका, ही त्यातली गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला त्यातला दुसरा भाग थक्क करतो. पावसाळाभर पुरेल असा दाणावैरणीचा साठा जपून वापरा, गवताजवळ चुली पेटवू नका, रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गंज पेटेल, अशा बारकाईने ते लिहिलेलं आहे. गंज पेटली तर घोडे उपाशी, मग सैनिक शेतकऱ्याच्या पिकात शिरणार. न्यायाचं मूल्य त्यांनी उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत नेऊन पोचवलं. ‘आम्ही ग्राहकाचा आदर करतो’ असं लिहिणाऱ्याने आपल्या कारखान्यातली ती वात कोणती, हे शोधायला हवं. पुढच्या पानांत वाचकाकडून तेच काम करून घेण्याचा प्रयत्न आहे.

आमच्या किनाऱ्यावर ही वात आज जळती आहे. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. मी कोणा एकाला बोल लावत नाही. मी त्या पोराचा विचार करते जो सीझनमध्ये बोटीवर काम करतो. मे महिना, हॉटेलं भरलेली, किनाऱ्यावर रांग, आणि पाणी बदललेलं त्याला दिसतं. ते त्याला दिसतंच. त्याच्या बापजाद्यांनी ढगाच्या रंगावरून होड्या वर ओढल्या आहेत. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागायच्या आधी त्याच्या पोटात लागतो. तो म्हणू शकतो का, ‘दादा, आज नको’? म्हणाला तर दिवसाचा पगार कापला जातो का? गिऱ्हाईक समोरच्या बोटीवर गेलं, तर मालक संध्याकाळी त्याच्याशी कसा बोलतो?

या पुस्तिकेचं पहिलं प्रकरण या तीन प्रश्नांनी सुरू होतं. त्यात रिकाम्या ओळी ठेवल्या आहेत. त्या मालकाने भरायच्या नाहीत. वही आपल्याकडच्या सगळ्यात नव्या, सगळ्यात कमी पगाराच्या माणसाच्या हाती द्यावी, त्याला खुर्ची द्यावी, आणि तो लिहीत असेपर्यंत आपण बाहेर जाऊन उभं राहावं. दुसरं प्रकरण त्याचं लिहून झाल्यावर उघडावं.